कोण काय मोडतो

समस्त वाहनधारकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, तीस वर्षांत माझी एकदाही पावती फाटली नव्हती. पण देवासच्या आमच्या चौकात तो वाहतूक हवालदार आला.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शिटी तो क्वचितच वाजवी. ती बोटाभोवती फिरवत तो सिग्नलला थांबलेल्यांचे पाय न्याहाळत असे. कुणी पाय जमिनीवरून उचलला की हा आता निघणार, हे त्याला आधीच कळे. कॉलेजची पोरं तिघं बसणार, दुकानदार उलट्या बाजूने येणार, हे त्याने मला रोज थोडं थोडं शिकवलं. "और दूधवाला सिग्नल नहीं तोड़ता, भिया," तो म्हणे. "जोर का ब्रेक लगा, तो दूध गया."

परवा एक शेठजी उलट्या बाजूने आले. मागे बायको बसलेली असतानाही मी स्कूटर आडवी घातली आणि त्यांना नियम समजावू लागलो. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. हवालदार शांतपणे आला. शेठजींची पावती फाडून तो माझ्याकडे वळला.

"मैंने क्या तोड़ा?" मी विचारलं.

"आप मराठी लोग कुछ नहीं तोड़ते, भाऊसाहब. दूसरा तोड़े, तो बीच सड़क पे खड़े होके समझाते हो. जाम उसी से लगता है."

माझी तीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. मी आधारासाठी बायकोकडे पाहिलं.

ती हवालदाराला म्हणाली, "भिया, फाड़ ही दो. घर में भी ये ऐसे ही रसोई के बीचोबीच खड़े होके समझाते हैं."