ढोलकीच्या मांडीवरचा जाणकार

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे फारशा नाहीत — त्या तिला आपोआप कळतात. ही मात्र कळली नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून जीभ उचलते आहे.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. लाखनीत हायवेवर माझं टायर-पंक्चरचं दुकान. दिवसभर कानाशी ट्रकचे हॉर्न, तरी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं कुठं घसरलं ते मी पेंगतानाही सांगीन. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा आणि रात्रभराची नाटकं, सुरू झाल्या की आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर माझं मत पडतं, आणि ते वाचून गावची मंडळं नाटक कंपनी ठरवतात. हो, ठरवतात! खोटं कशाला सांगू?

माझी दुसरी विद्या स्वस्त तिकिटाची. पडदा उघडेपर्यंत बाहेर चहा घेत रेंगाळायचं. पहिलं गाणं सुरू झालं की तिकीटवाल्याला म्हणायचं, "नाटक तं अर्धं झालंच ना भाऊ, आता पुरे पैसे कायचे घेता?" तो वैतागतो, पण देतो.

त्या वर्षीही असाच आत शिरलो. उरलेली जागा एकच — स्टेजखाली, ढोलकीवाल्याच्या अगदी पाठीशी. मी खूश! चिल्लरमध्ये पहिली रांग! वनिता नावाची नवी नटी गात होती आणि मला ऐकू येत होती फक्त ढोलकी. पण हे माझ्या लक्षात यायला नको? नाही आलं. सकाळी ग्रुपवर ठोकून दिलं : नाटक फर्स्टक्लास, हिरोईन गाण्यात कच्ची, आवाज पोचतच नाही.

बायको मैत्रिणींसोबत बायकांच्या बाजूला, मध्यावर बसली होती. पूर्ण तिकिटात. माझं मत वाचून म्हणाली, "तुमी ढोलकीच्या मांडीवर बसले होते काय जी? किती गोड गायली ते बाई!" आणि मोबाईलवर घेतलेलं गाणं माझ्या मोबाईलवर पाठवून दिलं.

दुकानात ऐकलं. हातातला पाना हातातच राहिला. काय आवाज होता! ओढून-ताणून चढवलेला नाही, आपसूक वर जाणारा. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, बसून कंबर मोडून घेतली, तोच.

मग? दुरुस्ती टाकायची होती ना? टाकणार होतो — पण ग्रुपवर तोवर अंगठ्यांची रांग लागली होती. 'भाऊचा कान म्हणजे कान.' एकानं तर लिहिलं, मलाही तसंच वाटलं होतं. तो त्या नाटकाला आलाच नव्हता.

इथवर चूक म्हणा. पुढचं चूक नाही.

चार-पाच दिवसांनी त्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. "भाऊ, दोन गावं तुमचं वाचून म्हणून राहिले का, हिरोईन बदला. मले तं पोरगी चांगली वाटते. तुमी सांगा, ठेवू का बदलू?"

गाणं माझ्या खिशात होतं. एक शब्द लागत होता — ठेवा. आणि तो म्हटला असता तर? भाऊचा कान कुठं राहिला असता?

मी म्हटलं, "बदला."

वर घसा खाकरून जोडलं, "अनुभवाचं सांगतो."

पुढच्या हंगामात तेच नाटक पाहिलं. या वेळी खुर्चीचं तिकीट काढलं, पूर्ण पैशाचं. तिकीटवाला माझ्याकडे पाहतच राहिला. वनिता होती. केस पांढरे करून सासू झाली होती. सासूला एकही गाणं नव्हतं. नवी हिरोईन गायला लागली तेव्हा ही मागं सूप घेऊन धान पाखडत बसली होती. खुर्चीवरून सगळं स्वच्छ दिसतं. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळीला. आवाज न काढता.

सकाळी मी ग्रुपवर लिहिलं : हिरोईन बदलली आणि नाटक सुधारलं, मी म्हटलं नव्हतं? वाचून छाती फुगली माझी, लपवत नाही. आजही मंडळं मलाच विचारतात आणि आजही मला ते आवडतं.

वनिता अजून सासूच करते.

तिचं ते गाणं माझ्या मोबाईलमध्ये आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की लावतो. ग्रुपवर टाकायला एक बोट लागतं. टाकलेलं नाही.