अर्ध्या लिटरवर आलेला रतीब

"उद्यापासून दीड लिटर नको, सारजाबाई. अर्धाच घाला," असं म्हणून द्वारकाबाई पातेलं घेऊन आत गेल्या, आणि सारजाबाई दारातच खिळून राहिली.

क्रांती चौकाच्या मागच्या त्या गल्लीत ती बावीस वर्षं दूध घालत होती. द्वारकाबाईंचे यजमान नानासाहेब जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, मुलगा-सून पुण्याला गेले, तरी या घराचा दीड लिटरचा रतीब कधी हलला नव्हता. नानासाहेब दूधवेडे होते. सायीचं दूध, कवडीचं दही, घरी कढवलेलं तूप, सगळं सारजाबाईच्या म्हशींचं. असा माणूस एका सकाळी दूध कमी करतो म्हणजे काय? सारजाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

ती चितेगावची. सासर मेंढरं राखणारं. रानं मोकळी होती तोवर मेंढरं होती. पैठण रस्त्याला कंपन्या आल्या, तारेची कुंपणं पडली, तेव्हा नवऱ्यानं, मुंजाबानं, मेंढरं विकून दोन म्हशी बांधल्या. म्हशी त्यानं बघायच्या, गिऱ्हाईक हिनं. रोज सकाळी काळी-पिवळी जीप थांबवायची, किटली दोन्ही पायांत घट्ट धरून बसायचं आणि साडेसातला गल्लीत हजर व्हायचं. स्वभाव असा, की जीपवाल्यानं जागा आहे म्हणून सांगितलं तरी आत डोकावल्याशिवाय पाय टाकणार नाही, आणि पुजाऱ्यानं अंगारा दिला तर तो आधी हुंगून बघणार. जी बाई उभ्या जगावर संशय घ्यायची, तिच्यावर मात्र अख्खी गल्ली डोळे झाकून विसंबायची. "हिच्या दुधात पाणी निघालं तर मिशी उतरवीन," असं नानासाहेबांनीच कधीकाळी चारचौघांत सांगितलं होतं. त्या एका शब्दावर तिला गल्लीतली आणखी पाच घरं मिळाली होती.

आणि नेमकं तिथंच आता दुखत होतं. गेल्या महिन्यात, पोळ्यानंतर, थोरली म्हैस आजारी पडून बसली आणि दूध निम्म्यावर आलं. सहा घरांना दूध कमी आहे म्हणून सांगायचं तर त्यांनी दुकानातल्या पुडीच्या दुधाची वाट धरली असती. मग सारजाबाईनं दोन सकाळी किटलीत तांब्या-तांब्या बोअरचं पाणी घातलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मुंजाबालासुद्धा तिनं हे सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हैस उठली, पण तेव्हापासून सारजाबाई माप झाल्यावर वरून जी थोडी धार घालायची, ती प्रत्येक घरी हात सैल सोडून घालू लागली होती.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब ओट्यावरच बसले होते. तिनं विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"छातीत भरून येत होतं, म्हणून तपासण्या केल्या. नळ्यांत चरबी धरलीय. डॉक्टर म्हणाले, दूध, दही, तूप, अंडी, मटण, जनावराचं सगळं बंद करून बघा. फक्त झाडापासूनचं खा. व्हीगन म्हणतात त्याला."

"जनावराचं बंद?" सारजाबाईनं डोळे बारीक केले. "आन आमची म्हैस काय खाती? कडबाच ना? झाडापासूनचंच झालं की मंग!"

नानासाहेब हसले. "ते डॉक्टरला पटायचं नाही. अर्धा लिटर हिच्या चहाला राहू द्या. माझं अजून पक्कं नाही. विचार चालू आहे. महिनाभर बघतो."

विचार चालू आहे! हा शब्द सारजाबाईला काट्यासारखा रुतला. सोयरीक मोडायची असली की माणसं असंच म्हणतात. दुखणेकरी माणूस असा हसतो होय? आणि चितेगावच्या जत्रेत तिच्याच अंगणात बसून मटणाचा रस्सा दोनदा मागून घेणारा माणूस झाडपाल्यावर राहील, यावर शेंबड्या पोरानंही विश्वास ठेवला नसता. तिची खात्री पटली की पाणी कळलंय. भला माणूस आहे, तोंडावर बोलवत नाही, म्हणून दुखणं पुढं केलंय. आज यांनी कमी केलं, उद्या शेजारीण विचारील का हो, आणि परवा गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी बद्रीनाथचं किराणा दुकान होतं. ती तिथं काडेपेटी घ्यायला थांबली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधी जमलं नव्हतं, पण तिनं करून बघितलं.

"बद्रीनाथ, पुडीचं दूध लई खपतं का रं आजकाल? नानासाहेबाकडं बी जात असंल."

"नाही मावशी. नानासाहेबांनी काल दोन किलो शेंगदाणे नेले तेवढे."

दोन माणसांना दोन किलो शेंगदाणे कशाला? हाही काहीतरी लपवतोय, असं ठरवून ती निघाली.

घरी मुंजाबा म्हशीला खरारा करत होता. त्याला तिनं पाणी सोडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एखाद्याला खरंच दुखणं असतं. तुला काय तरास व्हतोय?"

"तुला काय कळतं?" ती फणकारली. तिला काय त्रास होतोय ते त्याला कसं सांगणार?

पंधरा दिवस तिनं असेच कुढत काढले. द्वारकाबाई हसल्या तर ते हसणं वरवरचं वाटे, नाही हसल्या तर राग वाटे. सोळाव्या दिवशी ती दारात आली आणि समोरच, खुर्चीत, नानासाहेब पेल्यातून काहीतरी पांढरं पीत बसलेले. पांढरंशुभ्र, वर फेस.

सारजाबाईनं किटली आपटली.

"दुसऱ्याचं दूध प्यायला लागलात आन मला झाडपाला सांगता? दोनच दिस घातलं पाणी, नानासाहेब! थोरली म्हैस बसली व्हती. सहा घरं कशी पुरवू? एकेक तांब्या, बोअरचं, सोच्छ पाणी. त्याच्या आधी कधी नाय, नंतर बी नाय. म्हशीची आण! चुकलं माझं. पर तोंडावर बोलायचं व्हतं. असा माणूस तोडायचा नाय."

नानासाहेबांनी हातातला पेला हळूच तिच्यापुढं केला. "हे शेंगदाण्याचं आहे, सारजाबाई. भिजवून, वाटून, गाळून घ्यायचं. घशाखाली उतरत नाही, पण डॉक्टरनं सांगितलंय."

तिनं पेला नाकाजवळ नेला. कच्च्या शेंगदाण्याचा वास आला. तिनं पेला खाली ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कधी घातलं होतं पाणी?"

"पोळ्यानंतरच्या आठवड्यात, वैनी."

"तेव्हा दही पातळ लागलं होतं," द्वारकाबाई सावकाश म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, वय झालं, आता माझ्या हाताला विरजण लागत नाही. तुमचं नावसुद्धा मनात आलं नाही."

यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "जाऊ द्या हो, चूक कुणाकडून होत नाही?" नानासाहेब म्हणाले. "गल्लीत हे कुणाला कळणार नाही." आणि त्यांनी ते पाळलं. पाचही घरांचा रतीब तसाच चालू राहिला, या घराचाही अर्धा लिटर तुटला नाही. मुंजाबा म्हणाला तेच खरं निघालं होतं, माणसाला खरंच दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं मापानं अर्धा लिटर घातलं. द्वारकाबाईंनी एरवीसारखं पातेलं आत नेलं नाही. त्यांनी दुधात बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडला आणि अंगठा तिरका केला. अस्सल दुधाचा थेंब नखावर ठरतो, पाण्याचा ओघळतो, हे सारजाबाईला कुणी शिकवायला नको होतं. तरी ती त्या थेंबाकडं बघत राहिली.

थेंब जागचा हलला नाही.

"चांगलं आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पदरानं नख पुसलं आणि त्या आत गेल्या. त्यानंतर रोज सकाळी त्या नखावर थेंब घेऊन बघत, आणि त्यांचं बघून होईपर्यंत सारजाबाई किटली धरून दारात उभी राही.