पाच जणांचं पिंप

आम्ही पाच जणांनी आपापल्या घरी एकाच रेसिपीची काळी बिअर केली आणि व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपात एकत्र ओतली. ते पिंप आमच्यातल्याच एका मित्राच्या घरी ठेवलं, हीच चूक. अमेरिकेतल्या चँडलर गावच्या वाळवंटी उन्हात गॅरेज म्हणजे भट्टी, म्हणून त्यानं पिंपाला एसीची बेडरूम दिली आणि स्वतः हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागला. कोणी आलं की हॅलोच्या आधी ओरडायचा, "दार लाव यार, गारवा जातो!" मग पिंपाला नाक लावून डोळे मिटायचा आणि बरणीतल्या लोणच्याबद्दल बोलावं तसं म्हणायचा, "थांब, थांब. मुरू दे."

मंदीत माझी नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा. निघायच्या आदल्या दिवशी मी ग्लास घेऊनच त्याच्याकडे गेलो.

"अरे, उद्या कायमचा चाललोय. एक घोट तरी दे."

"कच्ची पाजून पाठवू तुला? मुरू दे."

माझं डोकंच फिरलं. मी मुद्दाम दार सताड उघडं टाकून निघून आलो.

आता पुण्यात मला बाकीच्या तिघांचे फोन येतात. बिअर कधीच तयार झाली आहे, पण पाचवा आल्याशिवाय हा कोणाला थेंब देत नाही, आणि शिव्या मी खातो. शेवटी वैतागून मीच त्याला फोन केला. "उघड की बाबा ते पिंप! मला व्हिसा काय तू देणार आहेस?"

"दार उघडं टाकून गेलास ना?" तो म्हणाला. "मग ये लावायला."