न वाकणारा पाय

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हवालदार, हा मार लागलेला गुडघा नाही. हा क्षय आहे."

इंग्रजीत त्यांनी नाव सांगितलं, ट्यूबरक्युलोसिस ऑफ द नी. क्षय म्हणजे खोकला आणि थुंकीतून रक्त, एवढंच मला माहीत होतं. तो सांध्यात उतरून हाडांची टोकं हळूहळू खातो, हे मी मिरजेच्या दवाखान्यात पहिल्यांदा ऐकलं. शेजारी माझी बायको हौसा उभी होती. यानं माणूस मरतो का, एवढंच तिनं विचारलं. वेळेत आलात तर सहसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण फार दिवस पडून राहावं लागेल.

मी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. पुढच्या थंडीपर्यंत खेळता येईल का?

हा प्रश्न का विचारला ते सांगायला हवं. आम्ही माण तालुक्यातले, मेंढरं राखणारे. मी सातवी पास होऊन पलटणीत गेलो. उंची भलतीच, म्हणून कसरतीच्या उस्तादांनी बास्केटबॉल शिकवला. दुसऱ्या मोठ्या लढाईत आमची तुकडी मिसरात, म्हणजे इजिप्तात होती. तिथे गोऱ्यांच्या, काळ्यांच्या, कुणाकुणाच्या संघांशी आमचे सामने व्हायचे. अलेक्झांड्रियातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या एका क्लबाने मला पाहिलं. लढाई संपून मी घरी आलो, तर त्यांचं बोलावणं मागोमाग आलं. कागदोपत्री नोकरी कापसाच्या गोदामात, खरं काम खेळायचं. मी पुन्हा बोटीत बसलो. बैरूतला खेळलो, सायप्रसला खेळलो. हजारो माणसं माझं नाव वेडंवाकडं उच्चारून ओरडायची. खेळून पोट भरणारा आमच्याकडचा मी पहिलाच असेन.

दुसऱ्या हंगामात गुडघा सुजायला लागला. दुखणं कमी, सूजच जास्त. संध्याकाळी अंगात कणकण यायची, वजन उतरत चाललं होतं. सिमेंटच्या मैदानावर पडलो होतो त्याचाच मुका मार म्हणून मी पट्टी बांधून खेळत राहिलो. हे वाचणाऱ्याला माझं पहिलं सांगणं इथंच आहे. सांधा सुजलेला राहतो, लाल होत नाही, फार तापत नाही आणि मांडी बारीक होत जाते, तेव्हा पट्टी बांधू नका, डॉक्टर गाठा. पडल्यामुळे क्षय होत नाही, तो आधीच आत असतो, हे मला नंतर कळलं. पळणंच थांबलं तेव्हा क्लबाची रजा घेऊन घरी आलो आणि हौसाबरोबर मिरज गाठली.

खात्री करायला डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी सुईनं काढलं. ते गिनीपिग नावाच्या सशासारख्या एका लहान जनावराला टोचतात. त्याला रोग झाला तर आपल्याला आहे असं समजायचं. या तपासणीला काही आठवडे लागतात. तोवर मला कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं. मी त्या जनावराची रोज चौकशी करायचो. ते धडधाकट राहावं असं मला वाटायचं. ते राहिलं नाही.

मग महिने सुरू झाले. सकाळी आमच्या खाटा व्हरांड्यात उन्हात काढायच्या. दूध, अंडी, आणि माशाच्या यकृताचं ते घाणेरडं तेल. क्षयावरचं नवं इंजेक्शन विलायतेत निघालंय असं कानावर यायचं, पण आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. विश्रांती हेच औषध, असं डॉक्टर म्हणायचे. मी आयुष्यात कधी विश्रांती घेतली नव्हती. पण पलटणीत हुकूम पाळायला शिकलो होतो. स्वतःलाच हुकूम दिला, की पाय हलवायचा नाही आणि बाकीचं अंग सुस्त होऊ द्यायचं नाही. खाटेच्या वर दोर बांधून घेतला आणि त्याला धरून दंड कमावले. शेजारच्या खाटेवर इस्लामपूरचे एक मास्तर होते, त्यांच्या मणक्यात हाच रोग. ते हसायचे, पण पुढे त्यांनीही दोर मागून घेतला.

हौसा दवाखान्यामागच्या शेडात राहायची. तिथं रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चुली होत्या. ती भाकरी घेऊन यायची, माझ्या पाठीला तेल लावायची, कारण पडून राहिल्यानं पाठीला जखमा होतात आणि त्या मूळ रोगापेक्षा जास्त छळतात. सोबत करणाऱ्यांनी पाठ रोज पाहावी.

प्लॅस्टर बदलायला काढलं त्या दिवशी, कुणी अडवायच्या आत, मी उभा राहिलो. पायाकडे बघवत नव्हतं, इतका तो काटकुळा झाला होता. वजन टाकलं आणि गुडघा बाजूला सरकला. मी पडलो. हौसानं आणि कंपाउंडरनं उचललं.

नव्या फिल्मा काढल्या. डॉक्टर खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. त्यांनी सांगितलं, की सांध्याचं वंगण गेलंय, हाडं झिजलीत. दोन वाटा आहेत. अजून वर्षभर प्लॅस्टरमध्ये राहून वाट पाहायची, त्यात रोग पसरला तर मांडीतून पाय काढावा लागेल. किंवा आर्थ्रोडेसिस, म्हणजे खराब भाग कापून वरचं आणि खालचं हाड एकमेकांशी जुळवून टाकायचं.

"पाय राहील, चालाल, ओझं उचलाल," ते म्हणाले. "पण गुडघा पुन्हा कधीही वाकणार नाही."

मी वाट पाहीन असं सांगितलं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. उद्या बोलू म्हणाले आणि गेले.

डॉक्टर गेल्यावर हौसा खाटेजवळ येऊन बसली. मी मिसरात गेलो तेव्हा ती काही म्हणाली नव्हती, दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही. त्या दिवशी बोलली.

"आवं, तुमी दर्याच्या पल्याड खेळायला गेला, मी काय बी म्हनलं न्हाई. लय मोठं काम करताय म्हनून गावभर सांगितलं. आता माजं ऐका. मला पळनारा मानूस नगो. चालनारा पायजे."

मी तोंड फिरवून पडून राहिलो. मैदान डोळ्यांपुढून हलत नव्हतं. सकाळी डॉक्टर आले तेव्हा मीच म्हणालो, "करा."

ईथरचा गोड, मळमळवणारा वास आला आणि मग काही नाही. शुद्धीवर आल्यावरचे पहिले दिवस वाईट असतात, ते लपवत नाही. पण दुखणं रोज थोडं उतरतं आणि तेवढं धरून राहायचं. पुन्हा प्लॅस्टर, मग कुबड्या, मग काठी. हाड जुळल्याचं फिल्मवर दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला.

घरी गेल्यावर खरी परीक्षा. मांडी घालता येत नाही. पंगतीत बसता येत नाही. परसाकडे जाणं अवघड. ज्यांना असा पाय मिळेल त्यांनी सुताराकडून आधी दोन चौरंग करून घ्यावेत, एक जेवायला आणि एक मधे भोक पाडलेला. लाज पहिल्या महिन्यात संपते. गावातल्या एका लग्नात मी पंक्तीच्या टोकाला उंचावर बसून जेवलो. लोक बघायचे, मग बघायचे थांबले.

क्लबाला नकार कळवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढंच सांगतो.

पावसाळा संपल्यावर मेंढरं चारणीला निघाली. मी येतो म्हणालो. माझा बाप सत्तरीला आलेला, तो नको म्हणत होता. तरी निघालो. पाय कंपासासारखा बाहेरून फिरवत चालायचं, चढाला काठी पुढे, उताराला मागे. फोंड्या माळावरून कवठे महांकाळच्या दिशेनं. पहिल्या दिवशी मांडी पेटली. चौथ्या दिवशी मला पाय आठवेनासा झाला.

एका चढावर मी कळपाच्या पुढे होतो. मागून बापाची हाक आली. वळून पाहिलं तर तो खाली दगडाला टेकून उभा होता, धाप लागलेली.

"दमानं चाल रं," तो म्हणाला, "तुज्या पायाला मला पोचता येईना."

मी थांबलो. तो वर येईपर्यंत उभा राहिलो आणि मनातल्या मनात मिरजेच्या त्या डॉक्टरांना आणि हौसाला हात जोडले.