पावणं येणारच न्हाईत

डिंभ्याच्या भिमाजीनं कोर्टाची पायरी कधी पाहिली नव्हती, तरी गाव त्याला वकील म्हणायचं. दुसऱ्याच्या बोलण्यात खोट काढल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

त्याच्या सूरजची तिशी उलटली. शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगी देईना. शेवटी मंचरच्या हर्षालीचं स्थळ आलं. तिची आत्या सोनीबाई फोनवर म्हणाली, "सोमवार ते शनिवार, एक दिवस येऊ. पण दारात उभं राहीपर्यंत तुमाला कळायचं न्हाई. सजवलेलं घर नगं, रोजचं बघायचंय."

भिमाजीच्या बायकोनं, चिमाबाईनं लगेच झाडू उचलला. भिमाजी ओट्यावर विचार करत बसला आणि घटकाभरानं खुशीत आत आला.

"झाडू ठेव. शुक्रवारपर्यंत आले न्हाईत, तर शनिवारच उरतो. म्हंजी आपल्याला आधीच कळलं. शनिवार बाद. मग शेवटचा दिवस शुक्रवार. गुरुवारपर्यंत आले न्हाईत, की तोबी कळला. बाद. असं करत सोमवारबी बाद. पावणं येणारच न्हाईत."

"आन् आले तर?"

"येतील कसे? अट त्यांचीच हाय."

दोन दिवस हेच ऐकून चिमाबाई वैतागली आणि बुधवारी सकाळी घोडेगावला बहिणीकडं निघून गेली. दुपारी भिमाजी डोक्याला काळी मेंदी थापून, फाटक्या बनियनवर ओट्यावर बसला होता. दारात जीप थांबली. सोनीबाई आणि हर्षाली उतरल्या.

"या" म्हणायचं सोडून भिमाजी म्हणाला, "तुमाला आज येता येत न्हाई."

सोनीबाई बघतच राहिली. त्यानं शनिवारपासून सगळं समजावलं. मेंदीचा ओघळ कानावरून गळ्यात उतरला.

हर्षालीनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आज आम्ही येऊ, असं तुम्हाला वाटलं नव्हतं?"

"अजिबात न्हाई."

"मग आत्या बोलली तसंच झालं की."

भिमाजी बोटांवर पुन्हा शनिवारपासून वार मोजायला लागला. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला, तशा दोघी आत गेल्या. सूरज चुलीपाशी भाकरी थापत होता. हात पिठानं भरलेले, तव्यावरची एक बाजू काळी. दोघींना बघून तो उठायला लागला.

"बसा," हर्षाली म्हणाली. "रोज करता?"

"आई नसली की. पण गोल येत न्हाई."

ती पाटावर बसली आणि तीच भाकरी मिरचीच्या खरड्याशी खाल्ली. सोनीबाईनंही अर्धी मागून घेतली.

मार्गशीर्षात लग्न लागलं. नवरा-नवरी फोटोला उभे होते, आणि भिमाजी मांडवात एकेकाला कोपराला धरून विचारत होता, "शनिवार बाद होतो, एवढं तर पटतं ना राव? मग चुकलं कुठं?" माणसं मान डोलवायची आणि हळूच कोपर सोडवून पंगतीकडं सरकायची.