बसता येईल असं पातळ

इंदू रामटेकेला लहानपणापासून एक खोड होती: आधी बोलून मोकळं व्हायचं, विचार मग करायचा. अहेरीजवळच्या बांबू डेपोतले चौकीदार रामाजी, त्यांची ही पोर कापडावरची छपाई शिकायला नागपूरला निघाली, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायांनी तोंडात बोटं घातली. कापड छापायले कालेज कायले लागते, असं त्यांचं म्हणणं. इंदू त्यांना समजवायच्या भानगडीत पडली नाही. पेटी उचलली आणि एसटीत जाऊन बसली.

शहाऐंशी सालची ही गोष्ट. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने स्वतःची नक्षी तयार करून एक साडी छापायची होती. इंदूने पांढरं पातळ घेतलं. तिच्या मॅडम मोठ्या कडक. त्या म्हणाल्या, पांढरं नेसतं कोण, दुखवट्याला? इंदूचं डोकंच फिरलं. आमच्याकडे विहारात बुद्धवंदनेला बाया पांढरंच नेसतात, तिने ठणकावून सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांच्याइतकं आनंदात कोणी नसतं. मॅडम चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मग परीक्षेला अशी खरी नेसणारी बाई घेऊन ये. ती नेसून चालेल, बसेल, उठेल, आम्ही पाहू. भिंतीवर टांगलेली साडी मी तपासत नाही.

"माझी आईच येईल," इंदू बोलून गेली. "नाही आली तर नापास करा मला."

झालं! वर्षभराची मेहनत पोरीने आईच्या भरवशावर लावली, आणि आईला विचारलंसुद्धा नव्हतं.

सुटीत ती घरी आली. रामाजींनी सागवानाचे तुकडे आणून दिले, त्यातून तिने ठसा कोरला: पिंपळाचं पान, लांब निमुळत्या टोकाचं. पडवीतल्या फळीवर घोंगडं पसरून, ठसा निळ्या रंगात बुडवून ती छापत सुटली. काठापासून काठापर्यंत पानंच पानं. वाळल्यावर पातळ इतकं देखणं दिसलं, की तिचं तिलाच कौतुक वाटलं, आणि का वाटू नये?

ठमाबाई, म्हणजे तिची आई, हौसेने ते नेसल्या. शेजारच्या सुगंधाबाई धावत आल्या आणि पदर हातात धरून वा वा करू लागल्या. चहा झाला. सगळे टेकले. ठमाबाई मात्र खांबाला धरून उभ्याच. उभ्यानेच चहा प्यायल्या. बस म्हटलं तर ऐकलंच नाही असं केलं. इंदूला आधी वाटलं, पाय दुखत असतील. पण पाय दुखणारा माणूस बसतो, उभा राहत नाही.

"माय, काऊन नाई बसत तू?"

"ज्या झाडाखाली बुद्ध बसले, त्याच्या पानावर मी बसू?" ठमाबाई म्हणाल्या. "नेसतो मी. दिवसभर उभी राहतो. बसाचं नको सांगू मले."

इंदूने डोकं लावून वाद घातला. हे पान नाही, पानाचं चित्र आहे, वगैरे. ठमाबाईंनी शांतपणे सुचवलं, की मग बापाचा चेहरा छाप, त्याच्यावर खुशाल बसतो. रामाजींना तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवलं.

पानं आता पदरावरच ठेवायची, हे इंदूने मान्य केलं. पण खालच्या अंगाला काय? धानाची लोंबी कोरली. ठमाबाई म्हणाल्या, धानाला पाय लागला तर आपण पाया पडतो, आणि तू त्याच्यावर बसवतेस? मोहाचं फूल कोरलं. उन्हाळाभर वेचतो ते, खातो ते, त्याच्यावर कसं बसायचं? या बाईचा जीव कशाकशात गुंतला होता, देव जाणे. इंदूने तिसरा ठसा अंगणात भिरकावला आणि ढसाढसा रडली. नापास होणं तिला तितकं लागत नव्हतं. मॅडमसमोर छाती ठोकून घेतलेलं आईचं नाव खोटं पडणार, हे लागत होतं.

ठमाबाईंचंही मन चरचरलं. परीक्षेला माझ्याऐवजी सुगंधाबाईंना घेऊन जा, असं त्यांनी सांगून पाहिलं, पण इंदूने मान हलवली. मग त्या तिच्याजवळ फतकल मारून बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. बऱ्याच वेळाने इंदूने नाक पुसलं, खाली पाहिलं आणि रडायचं विसरली.

"माय, जराशी उठ."

"आता काय झालं?"

"तू कायच्यावर बसली, थे पाहू दे मले."

बांबूची चटई होती. डेपोतल्या कामट्यांची, घरात कायम अंथरलेली. हिच्यावर बसताना ठमाबाईंनी जन्मात कधी विचार केला नव्हता!

चटईची वीण कोरणं म्हणजे खायचं काम नाही. दोन ठसे शेजारी पडले की मधला जोड रेघेसारखा दिसायचा. इंदूने चिंध्यांवर छापून छापून पाहिलं. शेवटी ठशाच्या कडा सरळ न ठेवता विणीप्रमाणेच पायऱ्यापायऱ्यांच्या कापल्या, आणि एक ठसा दुसऱ्यात असा बसला की जोड कुठे आहे ते तिलाही सापडेना. रामाजींनी बोट फिरवून पाहिलं आणि हसून म्हणाले, डेपोतून आता घरी आलो तरी बांबूच. नव्या पातळावर खाली फिकी चटई उतरली आणि पदरावर निळी पानं.

परीक्षेला ठमाबाई नागपूरच्या त्या मोठ्या हॉलमध्ये विहारात चालतात तशाच चालल्या. बाहेरून आलेले दोघे परीक्षक वह्या धरून उभे होते. मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली आणि बसा म्हणाल्या. ठमाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मान वळवून पाठीमागे पाहिलं. पाठीवर सोडलेला पदर पुढे ओढून, पानं नीट मांडीवर घेतली. आणि ऐसपैस बसल्या.

मग त्यांनी समोरच्या तिघांकडे पाहिलं.

"तुमी काऊन उभे?" त्या म्हणाल्या. "बसा ना. माह्या पोरीले काय विचाराचं, थे बसून विचारा."

मॅडमनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.