वसंताची बाटली आणि माझी काकवी

फोन सकाळी आला. आमच्या घरी फोन येऊन दोनच वर्षं झाली होती, आणि इतक्या सकाळी तो कधी वाजत नसे. पलीकडे सुनंदा, माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. "अक्का, लगेच निघा," एवढंच म्हणाली. "काय झालंय गं?" विचारलं तर नुसता रडण्याचा आवाज... द्राक्षाच्या छाटणीचा पहिला दिवस म्हणून वसंता उजाडताच बागेत गेला होता. कात्री हातात तशीच, वेलीच्या बुडाशी बसल्यासारखा सापडला. हृदय बंद पडलं म्हणे. पन्नाशीसुद्धा गाठली नाही मेल्यानं! उभा जन्म त्याला लाडानं मेल्या म्हटलं, आता तोही शब्द जिभेवर येईना. कराडहून तासगावच्या पुढं आमच्या गावाला जाताना मी एसटीत त्याच्यावर चिडूनच बसले होते. कडेगाव मागं पडलं तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

वाइनचा कारखाना काढला आमच्या वडिलांनी, अण्णांनी. एका वर्षी बेदाणा वाळत घातलेला असतानाच अवकाळी पाऊस आला आणि सगळा माल काळा पडला. "आता द्राक्षं वाळवायचीच न्हाईत," म्हणून त्यांनी हट्टानं दगडी शेड बांधली, टाक्या बसवल्या. गावानं नाव ठेवलं, दारूचं घर. वसंता सांगलीला रसायनशास्त्र शिकला, पुण्याकडे कुणाच्या हाताखाली दोन वर्षं राबला आणि परत येऊन त्यानं सगळं अंगावर घेतलं. पुढं त्याची वाइन गोव्याच्या हॉटेलांत जाऊ लागली, पण लग्नाच्या वेळी तीन घरांनी मुलगी द्यायला नकार दिला होता. सुनंदाच्या वडिलांनी एकच विचारलं, "सोता पिता का?" तर हा पीतच नव्हता! घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटून घोळवायचा, थुंकून टाकायचा आणि वहीत काहीतरी खरडायचा. लोक हसायचे, "थुकायचंच हाय तर गड्या, करतोस कशाला?" "दुसऱ्यानं गिळावं म्हणून," तो शांतपणे सांगायचा.

दर भाऊबीजेला तो कराडला यायचा. मी ओवाळलं की तबकात नोट ठेवायचा, आणि निघताना मागच्या दारी टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली माझ्या हातात द्यायचा. त्या वर्षीच्या वाइनची पहिली बाटली. ती ना हॉटेलला जायची, ना कुणा साहेबाला. "अक्का, तू चाखून सांग. लोकं तोंडावर ग्वाड बोलत्यात. तू न्हाई बोलायचीस."

माझ्या सासूबाई माळकरी. घरात दारू शिरली असती तर त्यांनी मला दाराबाहेर काढलं असतं. म्हणून तो वळणावर दिसेनासा झाला की मी बाटली मोरीत ओतायची. वर पाणी सोडायची, वास जावा म्हणून. पण माहेरचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? आमचं गुऱ्हाळ पेटलं की तीच बाटली धुऊन तिच्यात काकवी भरायची आणि संक्रांतीला पाठवून द्यायची. भाकरीशी काकवी खाऊन वसंताचा निरोप यायचा, "यंदा कढत जरा जास्त ठिवलीस अक्का, कडवट लागती." आणि खरंच तसंच झालेलं असायचं. मग भेटला की तो विचारायचा, "माझी कशी झालीया?" मी म्हणायची, झकास.

दरवर्षी झकास म्हणून कसं चालेल? एका वर्षी त्याला संशय यायला नको म्हणून मी उगाच म्हणाले, "यंदा जरा आंबट लागली रे." "आंबट?" "हां, जराशी." त्यानं मान हलवली आणि दुसरा विषय काढला. मला वाटलं, सुटले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तर शेडभर जांभळा चिखल. बाटल्यांची बुचं उडालेली, काही फुटलेल्या, आणि हा पँट दुमडून फरशी पुसत होता. वर्षाचा निम्मा माल गेला होता. मी नेहमीसारखी खेकसले, "लक्ष कुठं असतं रे तुझं?" तो हसला. "ऊन लय हाय यंदा अक्का. च्या घेणार न्हवं?"

तेराव्याला सुनंदानं माझ्या हातात एक बाटली ठेवली. गळ्याला चिठ्ठी बांधलेली, त्याच्या अक्षरात: अक्का. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमी आंबट म्हनला व्हता न्हवं, त्या सालापासनं ह्यांचा जीव नुसता त्यात. आदल्या वर्षीसारखीच झालीया असं मी म्हनत व्हते. खरं ऐकतील तर! 'माझ्या अक्काला ज्ये गिळवंना त्ये मी लोकास्नी कसं इकू?' म्हनून पुढच्या मालात सगळी साखर आंबू न देता गोडी शिल्लक ठिवाया गेले. ती बाटलीत पुन्ना आंबली आन् बुचं उडाली. अक्काला सांगू नगंस, म्हनले. तिला वाईट वाटंल."

तेव्हा तरी तिला खरं सांगायचं! नाही सांगितलं. चहा घेतला आणि एसटी पकडली. म्हणून आज इथं लिहिते आहे. सुनंदा, तू वाचशील. मी त्याच्या वाइनचा एक थेंबही कधी चाखला नव्हता गं. सासूबाईंचं नाव पुढं करायलाही मला जागा नाही. त्या जाऊन चार वर्षं झाली, तरी मी ओततच होते. सवय लागली होती, दुसरं काय. ज्यानं जन्मभर प्रत्येक घोट घोळवून पाहिला, त्याला मी न चाखता निकाल दिला.

यंदा भाऊबीजेला पाट मांडला नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. लहानपणी शेजारच्या काकूंना तसं करताना पाहून मला त्यांची कीव यायची. दिवेलागणीला अंगणात गेले. बीजेची कोर मावळायच्या बेतात होती. तिला ओवाळलं, तबक ओट्यावर ठेवलं आणि बाटली उघडली. बूच काढता येईना, शेवटी आत ढकललं. स्टीलच्या पेल्यात घोटभर ओतून, तो करायचा तसे डोळे मिटून तोंडात घोळवलं. थुंकता नाही आलं, गिळलं.

बाटली अजून ओट्याच्या कोपऱ्यात आहे. गुऱ्हाळ पेटलंय, काकवी तयार आहे, पण आत उरलीय ती मोरीत ओतायला हात होत नाही. वसंता, मला त्यातलं काही कळत नाही. जरा तुरट लागली, घशाखाली उतरल्यावर आपल्या बागेची आठवण आली. पण आंबट नव्हती रे... आंबट नव्हती.